ॲरेची पहिली गणितं: एका फेरीपासून कापरेकरांच्या ६१७४ पर्यंत

ॲरेची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. "एकाच प्रकारच्या किमतींचा, मेमरीत सलग साठवलेला संच" हे व्हायवात घडाघडा म्हणता येतं, आणि तरीही "ॲरेतली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या काढा" म्हटलं की कीबोर्डवरचा हात थबकतो. सी, जावा, पायथन यांपैकी कुठलीही भाषा येत असली तरी थबकतोच. अडलेलं असतं ते कोडच्या आधीचं काम.

ते काम म्हणजे दोन प्रश्न. ॲरेवरून फेरी मारताना मला काय लक्षात ठेवावं लागेल? आणि फेरी सुरू होण्यापूर्वी त्याची किंमत काय असायला हवी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना थोडा विचार केला की सापडतं. चुका होतात त्या दुसऱ्यात. लूप आणि इफ एवढं येत असेल तर पुढची सगळी गणितं करता येतील. ती दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढच्या प्रत्येक गणितात आधीचा एखादा तुकडा वापरलेला आहे.

## तयारी

इनपुट घेऊ नका. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात "किती संख्या?" असं विचारून होते, त्यामुळे मुलं प्रत्येक वेळी सात आकडे टाइप करत बसतात आणि तिसऱ्या चाचणीला कंटाळून थांबतात. ॲरे सरळ प्रोग्राममध्येच लिहून टाका. परीक्षेसाठी इनपुटच्या चार ओळी शेवटी जोडता येतात.

आपला नमुना ॲरे हा घ्या. एखाद्या गावात सात दिवस पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये:

```
अ = [१२, ०, ४७, ३, ४७, ०, ९]
न = ७
```

आकडे मुद्दाम असे निवडलेत. यात शून्य दोनदा आहे, सगळ्यात मोठी संख्याही दोनदा आहे, आणि क्रम लागलेला नाही. [१, २, ३, ४, ५] हा ॲरे चाचणीसाठी फार वाईट. त्यावर चुकीचे प्रोग्रामसुद्धा बरोबर उत्तर देतात.

खालचे तुकडे कुठल्याही एका भाषेतले नाहीत. आधी आपल्या शब्दांत पायऱ्या लिहायच्या, कागदावर ड्राय रन करायचा, मग आपल्याला येते त्या भाषेत उतरवायचं. ड्राय रन म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलसाठी कागदावर एक रकाना आखायचा आणि लूपच्या प्रत्येक फेरीनंतर त्यातली किंमत लिहायची. ही पायरी गाळून थेट रन करणारे पुढे तासन् तास "प्लस वन करून बघू, मायनस वन करून बघू" करत बसतात.

## इंडेक्स शून्यापासून

सी, जावा, पायथन या तिन्हींत पहिला घटक अ[०] आणि शेवटचा अ[न-१]. सीमध्ये याचं कारण सरळ आहे: इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. ॲरे १००० या पत्त्यावर सुरू होत असेल आणि एक पूर्णांक ४ बाइट घेत असेल, तर अ[३] चा पत्ता १००० + ३ × ४ = १०१२. पहिल्या घटकाचं सुरुवातीपासूनचं अंतर शून्य, म्हणून इंडेक्स शून्य. हेच गणित दुसऱ्या बाजूनेही दिसतं: कितवाही घटक हवा असला तरी एक गुणाकार आणि एक बेरीज पुरते, आधीचे घटक ओलांडत जावं लागत नाही. सगळ्याच भाषा असं करत नाहीत. फोरट्रान, आर, लुआ यांत मोजणी एकपासून सुरू होते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९८२ साली शून्याच्या बाजूने एक छोटं टिपण लिहिलं. त्यातला एक मुद्दा नवशिक्यांच्या फार कामाचा आहे: "० पासून, न च्या आधीपर्यंत" अशी मर्यादा लिहिली की दोन टोकांतली वजाबाकी म्हणजेच घटकांची संख्या. म्हणून लूपची अट "क < न" अशीच लिहायची सवय लावा. "क <= न-१" चुकीचं नाही, पण घाईत त्यातला "-१" गळतो.

आणि तो गळला की काय होतं? जावा आणि पायथन तिथल्या तिथे एरर देतात. सी काहीच म्हणेल असं नाही. अ[७] ही जागा आपली नाही, पण सी तपासत बसत नाही. तिथे जो काही कचरा असेल तो बेरजेत मिसळू शकतो, आणि तुमच्या मशीनवर बरोबर चाललेला प्रोग्राम लॅबमधल्या मशीनवर भलतंच उत्तर देऊ शकतो. पायथनचा सापळा वेगळा आहे. तिथे अ[-१] म्हणजे शेवटचा घटक, त्यामुळे उलट्या दिशेने जाणारा लूप शून्याच्या पलीकडे घसरला तरी एरर न येता तो मागच्या दाराने पुन्हा ॲरेत शिरतो.

## बेरीज, सरासरी, मोजणी

लक्षात काय ठेवायचं? आतापर्यंतची बेरीज. सुरुवातीची किंमत? शून्य, कारण अजून काहीच मिळवलेलं नाही.

```
बेरीज = ०
क = ० पासून, क < न असेपर्यंत
    बेरीज = बेरीज + अ[क]
बेरीज छापा
```

उत्तर ११८. गुणाकार काढायचा असता तर सुरुवात १ ने झाली असती. शून्याने केली तर शेवटपर्यंत शून्यच.

सरासरी म्हणजे ११८ भागिले ७. सी आणि जावात दोन्ही बाजूंना पूर्णांक असतील तर उत्तर १६ येतं आणि दशांश गुपचूप गायब होतो. खरं उत्तर १६.८५ च्या थोडं वर आहे. भागाकारापूर्वी एका बाजूला दशांश प्रकारात बदलावं लागतं. पायथनमध्ये साध्या भागाकार चिन्हाने दशांश उत्तर मिळतं.

बेरजेचा आणखी एक धोका आकड्यांच्या आकाराचा आहे. जावातल्या साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. दीडशे कोटी अधिक दीडशे कोटी केलंत तर उत्तर -१,२९,४९,६७,२९६ येतं, कुठलीही एरर न देता. अशा ठिकाणी बेरजेचं व्हेरिएबल लाँग प्रकारचं घ्यायचं. पायथनच्या पूर्णांकांना अशी मर्यादा नाही.

मोजणी म्हणजे बेरजेचीच धाकटी बहीण: अट जुळली की १ मिळवायचा. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर तो "पावसाचा दिवस". आपल्या ॲरेत असे दिवस ५. सम-विषम मोजण्याचं गणितही असंच, फक्त तिथे एक खाच आहे. "२ ने भागून बाकी १ उरली तर विषम" ही अट सी आणि जावात ऋण संख्यांवर फसते, कारण तिथे -३ ची बाकी -१ येते. "बाकी शून्य नसेल तर विषम" असं लिहा; ते सगळीकडे चालतं.

हे सगळं फारच सोपं वाटत असेल तर एक जुनं गणित करून बघा. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी विद्यार्थ्यांना दिलेलं पावसाचं गणित संगणक-शिक्षणाच्या संशोधनात आजही वापरलं जातं. रोजच्या पावसाचे आकडे येत राहतात, ९९९९९ आला की थांबायचं, ऋण आकडे चुकीचे म्हणून सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी सांगायची. यात बेरीज, मोजणी, थांबण्याची अट आणि गाळणी अशा चार गोष्टी एकाच फेरीत येतात. सुट्या सुट्या प्रत्येकाला जमतात, पण एकत्र गुंफताना ९९९९९ बेरजेत मिसळतो, किंवा एकही योग्य आकडा आला नाही तर शून्याने भागलं जातं. तुमचा प्रोग्राम [९९९९९] एवढ्याच ॲरेवर चालवून बघा.

## शोध, आणि "सापडली नाही" सहा वेळा

ॲरेत ३ आहे का, असेल तर कुठे? पहिल्या प्रयत्नात बरेच जण लूपच्या आत इफ लिहितात: जुळलं तर "सापडली", नाहीतर "सापडली नाही". मग स्क्रीनवर "सापडली नाही" सहा वेळा उमटतं आणि मधेच एकदा "सापडली".

सगळा ॲरे पाहिल्याशिवाय "नाही" म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. एक घटक पाहून फक्त "आहे" म्हणता येतं. म्हणून लक्षात ठेवायची ती जागा, आणि सुरुवातीला ती "अजून कुठेच नाही" असं सांगणारी हवी:

```
जागा = -१
क = ० पासून, क < न असेपर्यंत
    जर अ[क] == ३
        जागा = क
        लूप थांबवा
जर जागा == -१ तर "नाही" छापा, नाहीतर जागा छापा
```

उत्तर ३, योगायोगाने संख्याही तीच. पायथनवाल्यांनी जागा वापरण्यापूर्वी ती -१ नाही ना हे तपासायचंच. नाहीतर न सापडलेल्या संख्येच्या नावाने शेवटचा घटक हातात येईल. "ॲरे चढत्या क्रमाने लागलेला आहे का?" हे गणितही याच साच्यातलं आहे. एक उलटी जोडी दिसली की "नाही" म्हणता येतं, "हो" मात्र शेवटीच. तिथे अ[क] ची तुलना अ[क+१] शी होते, म्हणून लूप न-१ च्या आधीच थांबला पाहिजे.

## सगळ्यात मोठी, आणि मग दुसरी मोठी

सगळ्यात मोठी संख्या काढताना लक्षात ठेवायची ती आतापर्यंतची मोठी. सुरुवातीची किंमत? इथे हमखास "मोठी = ०" लिहिलं जातं. पावसाच्या ॲरेवर ते चालतं, कारण पाऊस ऋण नसतो. आता लेहच्या जानेवारीतल्या रात्रींची तापमानं समजून हा ॲरे घ्या: [-७, -१२, -३, -१५, -९]. प्रोग्राम सांगेल, सगळ्यात मोठी संख्या ०. ॲरेत शून्य कुठेच नाही! सुरुवातीची किंमत ॲरेतूनच घ्या, मोठी = अ[०], आणि फेरी १ पासून सुरू करा. ॲरे रिकामा असेल तर अ[०] च नाही, ते आधी तपासायचं.

तुलनेचं चिन्हही बघा. ">" वापरलं तर ४७ ची जागा २ मिळते, ">=" वापरलं तर ४. पहिली हवी की शेवटची, हे प्रश्न विचारणाऱ्याने सांगितलेलं नसेल तर तुम्ही विचारायचं.

आता दुसरी मोठी. इथे कोडच्या आधी प्रश्नच अर्धवट आहे: ४७ दोनदा आला असेल तर दुसरी मोठी ४७ की १२? आपण "मोठीपेक्षा लहान असलेल्यांत सगळ्यात मोठी" असा अर्थ घेऊ, म्हणजे १२. ॲरे सॉर्ट करून शेवटून दुसरा घटक उचलायचा हा शॉर्टकट इथे ४७ देतो, म्हणजे चुकतो. शिवाय एका फेरीत होणाऱ्या कामासाठी सगळा ॲरे हलवणं मला तरी पटत नाही.

```
पहिली = अ[०]
दुसरी = काही नाही
क = १ पासून, क < न असेपर्यंत
    जर अ[क] > पहिली
        दुसरी = पहिली
        पहिली = अ[क]
    नाहीतर जर अ[क] < पहिली आणि (दुसरी काही नाही किंवा अ[क] > दुसरी)
        दुसरी = अ[क]
```

ड्राय रन असा दिसतो:

```
सुरुवात        पहिली १२   दुसरी –
क=१, घटक ०    पहिली १२   दुसरी ०
क=२, घटक ४७   पहिली ४७   दुसरी १२
क=३, घटक ३    पहिली ४७   दुसरी १२
क=४, घटक ४७   पहिली ४७   दुसरी १२
क=५, घटक ०    पहिली ४७   दुसरी १२
क=६, घटक ९    पहिली ४७   दुसरी १२
```

क=२ ची ओळ नीट पाहा. नवी मोठी संख्या सापडली की जुनी मोठी आपोआप दुसऱ्या नंबरला सरकते. त्या दोन ओळींचा क्रम उलटा केला तर पहिली आधीच ४७ झालेली असते आणि दुसरीही ४७ होते. खालचा "नाहीतर जर" गाळला तर [४७, १२, ३] सारख्या ॲरेत दुसरी कधी भरलीच जात नाही, कारण पहिली कधी बदलतच नाही. पहिली चूक नमुना ॲरेच्या उत्तरातच दिसते, १२ ऐवजी ४७ येतं. दुसरी मात्र त्या उत्तरावरून पकडता येत नाही, कारण तिथे १२ च येतं; [४७, १२, ३] च्या ड्राय रनमध्ये ती लगेच दिसते. सगळे घटक सारखे असतील तर शेवटी दुसरी "काही नाही" उरते, आणि तेच बरोबर उत्तर आहे. "काही नाही" ही किंमत ज्या भाषेत पूर्णांकाला देता येत नाही, तिथे "दुसरी सापडली का" असं एक वेगळं हो-नाही व्हेरिएबल ठेवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवायचं आणखी एक गणित: सलग किती दिवस पाऊस झाला, जास्तीत जास्त? एक मोजणी "चालू" आणि एक "सर्वाधिक". पाऊस असेल तर चालू एकने वाढवा आणि तिथेच सर्वाधिकशी ताडून पाहा. शून्य आला की चालू शून्य करा. आपल्या ॲरेत उत्तर ३. ताडून पाहण्याचं काम पाऊस थांबल्यावरच केलं तर [०, ४, ९, २] मध्ये शेवटची मालिका मोजायचीच राहते, कारण तिच्यानंतर शून्य येतच नाही.

## जागच्या जागी बदल

आतापर्यंत ॲरे फक्त वाचला. आता त्यात लिहायचं आहे, आणि इथून पुढे लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा होतो.

ॲरे उलटा करण्यासाठी क आणि न-१-क या जागांवरच्या किमतींची अदलाबदल करत जायचं. लूप कुठपर्यंत? न भागिले २ पर्यंतच. संपूर्ण न पर्यंत गेलात तर प्रत्येक जोडीची दोनदा अदलाबदल होते आणि ॲरे होता तसाच परत मिळतो. "प्रोग्राम काहीच करत नाही" अशी तक्रार आली की आधी ही मर्यादा बघावी. घटक विषम असतील तर मधला जागेवरच राहतो.

सगळे घटक एक घर उजवीकडे सरकवायचे असतील तर शेवटून सुरुवात करा. डावीकडून "अ[क+१] = अ[क]" करत गेलात तर पहिलीच किंमत पुढे पुढे कॉपी होत जाईल आणि सगळा ॲरे १२ ने भरेल. डावीकडे सरकवताना नेमकं उलट, सुरुवात डावीकडून. आणि जी किंमत टोकावरून बाहेर पडणार आहे ती आधी बाजूला काढून ठेवायची.

दोन-तीन घरं गोल फिरवायचं असेल तर एक देखणी युक्ती आहे, त्यात उलटा करण्याचाच तुकडा तीनदा वापरला जातो. [१, २, ३, ४, ५] डावीकडे २ घरं फिरवायचा आहे. पहिले दोन उलटे करा: [२, १, ३, ४, ५]. उरलेले तीन उलटे करा: [२, १, ५, ४, ३]. आता सगळा ॲरे उलटा करा: [३, ४, ५, १, २]. झालं. यासाठी "इथपासून इथपर्यंत उलटं कर" असं फंक्शन लिहावं लागतं, आणि स्वतःचं फंक्शन पुन्हा वापरण्याचा हा पहिला खरा प्रसंग.

शून्य शेवटी ढकलण्याच्या गणितात दोन इंडेक्स लागतात. एक वाचत जातो, दुसरा "पुढची किंमत कुठे लिहायची" ते सांगतो:

```
लिहा = ०
क = ० पासून, क < न असेपर्यंत
    जर अ[क] शून्य नसेल
        अ[लिहा] = अ[क]
        लिहा = लिहा + १
लिहा पासून न च्या आधीपर्यंत सगळीकडे ० भरा
```

[१२, ४७, ३, ४७, ९, ०, ०] मिळतं, मूळ क्रम न मोडता. लिहिणारा इंडेक्स वाचणाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही, म्हणून न वाचलेली किंमत पुसली जात नाही. पायथनमध्ये यादीवरून फेरी चालू असतानाच तिच्यातून घटक काढून टाकण्याचा मोह होतो. [५, ०, ०, ८] वर ते करून बघा: पहिला ० काढला की दुसरा ० त्याच्या जागी सरकतो, फेरी मात्र पुढच्या जागेवर गेलेली असते. एक शून्य उरतंच.

## किंमतच इंडेक्स होते

माझ्या मते ॲरे खरा कळतो तो या टप्प्यावर. दहापैकी गुण असे आहेत: [७, ४, १०, ७, ०, ७, ४]. प्रत्येक गुण किती जणांना मिळाला? नवशिके लूपमध्ये लूप लावतात, मग "हा गुण आधी मोजलाय का" ते तपासायला तिसरा लूप. त्याची गरज नाही. दुसरा एक ॲरे घ्या, सगळी घरं शून्य, आणि गुण हाच त्याचा इंडेक्स समजा:

```
मोजणी = ११ घरांचा ॲरे, सगळीकडे ०
प्रत्येक गुणासाठी
    मोजणी[गुण] = मोजणी[गुण] + १
```

फेरी संपली की मोजणी[७] मध्ये ३, मोजणी[४] मध्ये २, मोजणी[१०] आणि मोजणी[०] मध्ये प्रत्येकी १. घरं ११ हवीत, १० नव्हेत, कारण ० ते १० हे अकरा गुण होतात. ताळा सोपा आहे: सगळ्या घरांची बेरीज विद्यार्थ्यांइतकी, इथे ७, यायलाच हवी. किमती ऋण असल्या किंवा कोटींमध्ये असल्या तर ही युक्ती अशीच्या अशी चालत नाही. मर्यादा माहीत असेल तिथेच वापरायची.

याच युक्तीवर नाशिकजवळच्या देवळालीत जन्मलेलं एक गणित सुटतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीत शाळामास्तर होते आणि संख्यांशी खेळणं हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: १५ + १ + ५ = २१. म्हणजे २१ चा जनक १५. काही संख्यांना असा जनकच नसतो. त्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. १०० पर्यंतच्या काढा.

प्रत्येक संख्येचा जनक शोधत बसू नका. उलट जा: १ ते १०० मधल्या प्रत्येक संख्येपासून काय जन्मतं ते काढा आणि त्या घरावर खूण करा. १०१ घरांचा ॲरे लागेल, शून्याचं घर वापरायचं नाही. फेरी संपल्यावर ज्या घरांवर खूण नाही त्या देवळाली संख्या. तुमचं उत्तर १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याच्याशी ताडून पाहा. जनक नेहमी आपल्या अपत्यापेक्षा लहान असतो, म्हणून १०० च्या पुढचे जनक तपासावे लागत नाहीत. पण अपत्य मात्र १०० च्या पुढे जाऊ शकतं: ८७ पासून १०२ जन्मतं. खूण करण्यापूर्वी "१०० किंवा कमी आहे का" ही अट लिहिली नाही तर प्रोग्राम पहिल्यांदा कोसळेल तो याच संख्येवर.

## ६१७४

आता सगळे तुकडे एकत्र. १९४९ साली कापरेकरांनी दाखवलेला हा शोध अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या गणिताच्या सदरात मांडल्यावर जगभर पोचला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर:

```
५४३२ - २३४५ = ३०८७
८७३० - ०३७८ = ८३५२
८५३२ - २३५८ = ६१७४
```

६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४. कुठल्याही संख्येने सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता येतं.

प्रोग्रामसाठी चार घरांचा अंकांचा ॲरे घ्या. १० ने भागल्यावरची बाकी म्हणजे शेवटचा अंक. तो ठेवायचा आणि संख्येला १० ने भागायचं. इथेच खरी मेख आहे. "संख्या शून्य होईपर्यंत" असा लूप लिहिलात तर १००० घेऊन बघा. १००० - ०००१ = ९९९. पुढच्या फेरीत तीनच अंक निघतात, ९९९ - ९९९ = ०, आणि कापरेकर चुकले असं वाटायला लागतं. लूप ठरवून चार वेळा फिरवा, म्हणजे ९९९ ही ०९९९ म्हणून ॲरेत बसेल:

```
९९९० - ०९९९ = ८९९१
९९८१ - १८९९ = ८०८२
८८२० - ०२८८ = ८५३२
८५३२ - २३५८ = ६१७४
```

अंक चढत्या क्रमाने लावण्यासाठी कुठलंही सॉर्ट चालेल. चारच घटक आहेत, बबल सॉर्ट लिहिण्यात कमीपणा नाही. किंवा ० ते ९ अशा दहा घरांच्या मोजणी ॲरेवरून क्रमाने अंक वाचा, सॉर्ट लागतच नाही. दोनदा सॉर्ट करण्याचीही गरज नाही: एकच लावलेला ॲरे डावीकडून वाचला तर लहान संख्या, उजवीकडून वाचला तर मोठी. ॲरेतून संख्या बनवताना "संख्या = संख्या × १० + अंक", सुरुवात शून्याने.

चाललं की ० ते ९९९९ सगळ्या संख्यांवर फिरवा (सारख्या अंकांच्या वगळून) आणि किती पायऱ्या लागल्या ते आठ घरांच्या मोजणी ॲरेत जमा करा. पायऱ्या ० ते ७, म्हणून आठ घरं; ० चं घर खुद्द ६१७४ साठी. कुठलीही संख्या आठव्या पायरीपर्यंत गेली तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे. सगळ्या घरांची बेरीज ९,९९० यायला हवी, कारण दहा हजारांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या.

मग अंकांची संख्या बदला. तीन अंकांना ४९५ मिळेल. दोन अंकांना मात्र प्रोग्राम थांबणारच नाही: ०९ पासून ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. "बदलेनाशी होईपर्यंत फिर" ही अट इथे कधीच पूर्ण होत नाही. त्यासाठी देवळाली संख्यांना वापरलेला खुणांचा ॲरे पुन्हा काढा, या वेळी १०० घरांचा. प्रत्येक आलेल्या संख्येच्या घरावर खूण करा, आणि आधीच खूण असलेलं घर आलं की लूप तोडा.